ऑर्का पाहायचे असतील तर किनाऱ्यावर उभे राहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत उन्हाळी परदेश सहलींविषयी नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात अमेरिकेच्या वायव्य टोकाकडील सिएटल शहर आणि त्यापलीकडची बेटे यांची ओळख चांगली करून दिली होती. त्यातील एका वाक्याबद्दल मात्र लिहिणे मला भाग आहे. जून ते ऑगस्ट या काळात बोटीची सहल घेतली की ऑर्का ‘हमखास आणि अगदी जवळून’ पाहायला मिळतात, असे त्या लेखात म्हटले होते. मी अनेक वर्षे याच भागात राहते. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांची येथे चांगलीच वर्दळ असते, आणि त्यांच्या फिरण्याच्या बेतात ही बोटीची सहल बहुधा ठरलेली असते. म्हणून ऑर्का नेमके कुठे राहतात, कसे फिरतात आणि मोकळ्या समुद्रात त्यांना पाहण्याची योग्य रीत कोणती, हे आपल्या वाचकांपर्यंत थोडे विस्ताराने पोहोचावे असे वाटते. ऑर्का अवश्य पाहावेत. पण शक्य असेल तेथे ते किनाऱ्यावरून पाहावेत आणि ‘जवळून’ हा हट्ट सोडावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

ऑर्का, म्हणजेच किलर व्हेल, हा डॉल्फिनच्या कुळातील आकाराने सर्वांत मोठा प्राणी. पूर्ण वाढ झालेला नर सात-आठ मीटर लांब आणि सहा टनांच्या आसपास वजनाचा असतो, आणि त्याच्या पाठीवरचा सरळ उभा पर १.८ मीटरपर्यंत वाढतो. मादीचा पर बराच लहान आणि मागे झुकलेला असतो. आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत सर्व महासागरांत ऑर्का आढळतात. थंड पाण्यात त्यांची संख्या जास्त आणि उष्ण कटिबंधात फार विरळ असली, तरी आपल्या शेजारच्या समुद्रातही त्यांच्या नोंदी आहेत. लक्षद्वीप आणि अंदमानच्या पाण्यात ते क्वचित दिसतात, आणि श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळ त्यांनी स्पर्म व्हेलच्या कळपावर केलेल्या हल्ल्याची नोंद २०१३ साली झालेली आहे. परंतु ‘सगळीकडे आढळतात’ एवढेच सांगून थांबले की गैरसमज होतो. ऑर्का जगभर आहेत याचा अर्थ कोणताही ऑर्का कुठेही जाऊन राहू शकतो असा नव्हे. बहुतेक समूहांचे पाणी ठरलेले असते, अन्न ठरलेले असते आणि ते मिळवण्याची पद्धत थोरल्यांकडून धाकट्यांकडे आलेली असते.

नॉर्वेचे उदाहरण पाहा, कारण ध्रुवीय प्रकाश पाहायला जाणारे मराठी पर्यटक आता तिकडेही बरेच असतात. हिवाळ्यात हेरिंग माशांच्या प्रचंड झुंडी उत्तर नॉर्वेच्या चिंचोळ्या खाड्यांमध्ये शिरतात आणि त्यांच्यामागोमाग ऑर्का येतात. हे ऑर्का हेरिंगभोवती फेर धरतात, पांढरी पोटे चमकवून आणि बुडबुडे सोडून माशांना एका घट्ट गोळ्यात कोंडतात, मग शेपटीचा जोरदार फटका मारतात आणि बधिर झालेले मासे एकेक करून खातात. १९९० च्या दशकात हे दृश्य टिसफ्योर्डच्या परिसरात दिसत असे. पुढे हेरिंगने हिवाळी मुक्काम बदलला, तसा ऑर्कांनीही बदलला, आणि आता त्यासाठी बरेच उत्तरेला, शेर्वॉयच्या बाजूला जावे लागते. अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर पुंता नोर्ते नावाची जागा आहे. तेथील मोजके ऑर्का मार्च-एप्रिलमध्ये लाटेबरोबर थेट खडीच्या किनाऱ्यावर चढतात, सी-लायनचे पिल्लू पकडतात आणि अंग घुसळत पुन्हा पाण्यात परततात. हे कौशल्य माद्या पिल्लांना वर्षानुवर्षे शिकवतात. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतील ऑर्का ट्यूनाच्या मागे असतात आणि त्यांची संख्या पन्नासच्याही आत आहे. गेल्या काही वर्षांत शिडाच्या बोटींची सुकाणू मोडल्यामुळे ज्यांच्या बातम्या आपल्याकडेही आल्या, ते हेच.

त्यांच्या प्रवासाचा आवाका किती मोठा असू शकतो, हे अंटार्क्टिकातील एका अभ्यासातून दिसले. तेथील काही ऑर्कांच्या परावर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे बसवण्यात आली होती, आणि २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार यांपैकी एक ऑर्का अंटार्क्टिकातून निघून उरुग्वे-ब्राझीलजवळच्या उबदार पाण्यापर्यंत गेला आणि ४२ दिवसांत सुमारे ९,४०० किलोमीटरचा फेरा पूर्ण करून परतला. वाटेत तो खाण्यासाठी किंवा पिल्ले घालण्यासाठी फारसा कुठे थांबलेला दिसला नाही. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात शरीराची उष्णता वाचवण्यासाठी कातडीकडे जाणारा रक्तपुरवठा आखडता घ्यावा लागतो आणि जुनी कातडी टाकणे अवघड होते. ती टाकण्यासाठीच हा प्रवास होत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. अशा प्राण्याला सिमेंटच्या टाकीत ठेवण्याचा विचार माणसाच्या मनात आला कसा, याचे मला अजूनही दुःख वाटते. त्याविषयी पुढे लिहिते.

आता सिएटलकडे वळते. सिएटलचा प्यूजेट साउंड, कॅनडाच्या व्हँकूवर शहरासमोरचा समुद्र आणि या दोहोंच्या मधली बेटांची दाटी मिळून जो जलप्रदेश होतो, त्याला सेलिश समुद्र म्हणतात. येथे दोन अगदी वेगळ्या प्रकारचे ऑर्का वावरतात आणि बोटीवरच्या पर्यटकाला बहुधा त्यांतील फरक माहीत नसतो. पहिले ‘दक्षिणी रहिवासी’ ऑर्का. हे फक्त मासे खातात, आणि माशांतही चिनूक जातीचा सॅमन त्यांना सर्वांत प्रिय. उन्हाळ्यात त्यांच्या खाण्यात ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा चिनूकचा असतो. दुसरे ‘बिग्ज ऑर्का’. ते सील, सी-लायन, डॉल्फिनसारखाच दिसणारा लहान पॉर्पॉइज असे सस्तन प्राणी खातात आणि माशांना तोंडही लावत नाहीत. हे दोन समूह एकाच पाण्यातून जातात, तरी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांच्यात संकर होत नाही आणि त्यांचे आवाजही वेगळे असतात. हे अंतर इतके जुने आहे की २०२४ साली सागरी सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने ‘रहिवासी’ आणि ‘बिग्ज’ ऑर्कांना स्वतंत्र उपजाती म्हणून मान्यता दिली.

बिग्ज हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या मायकेल बिग यांचे ऋण या विषयात फार मोठे आहे. कॅनडाच्या नानाइमो येथील मत्स्यसंशोधन केंद्रातील या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्कांची गणना हाती घेतली. तोवर या किनाऱ्यावर हजारो ऑर्का असावेत असा सर्वसाधारण समज होता. प्रत्येक ऑर्काच्या पराची कड, तिच्यावरच्या खाचा आणि पराच्या मागे असलेला राखाडी पट्टा वेगवेगळा असतो, आणि केवळ छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखता येतो, हे बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मोजणी झाली तेव्हा हजारो नव्हे, तर काही शेच निघाले. आज दक्षिणी रहिवासी ऑर्कांतील प्रत्येकाला क्रमांक आहे, त्याची आई, आजी आणि भावंडे कोण हे ठाऊक आहे. जे, के आणि एल असे त्यांचे तीन कळप आहेत.

या कळपांची रचना समजली की ते कसे प्रवास करतात हे समजते. दक्षिणी रहिवासी ऑर्कांत मुलगे आणि मुली दोघेही आयुष्यभर आईच्या सोबत राहतात. लग्न होऊन कुणी कुठे जात नाही. संबंध दुसऱ्या कुळातल्यांशी येतो आणि मग जो तो आपापल्या आईजवळ परततो. मादीचे पिल्ले होण्याचे वय साधारण चाळिशीच्या सुमारास संपते, पण त्यानंतरही ती कित्येक दशके जगते, आणि या वयस्कर माद्याच बहुतेक वेळा कळपाच्या पुढे चालतात. सॅमन कमी असलेल्या वर्षांत तर हे पुढारपण अधिकच ठळक होते, कारण मासे कुठे सापडतील याची आठवण त्यांच्यापाशी असते. आई गेल्यानंतर प्रौढ मुलाच्या मृत्यूची शक्यता कित्येक पटींनी वाढते, असेही दीर्घ अभ्यासातून दिसून आले आहे. तीस वर्षांचा भला दांडगा नर आईने पकडलेल्या माशाचा अर्धा तुकडा तिच्याकडून घेतो, हे संशोधकांनी वारंवार पाहिले आहे.

ते दिवसाला शंभर किलोमीटरहून अधिक अंतर सहज जातात. विश्रांतीच्या वेळी सगळे एका ओळीत, जवळजवळ अंगाला अंग लावून, संथपणे वर येतात आणि एकत्र श्वास घेतात. मेंदूचा अर्धा भाग झोपतो आणि अर्धा जागा राहतो. मासे शोधताना मात्र हाच कळप कित्येक किलोमीटरभर पांगतो. एक येथे, दुसरी तिकडे बेटाच्या टोकाला, तिसरा मध्ये खोल पाण्यात, आणि सगळे एकमेकांना आवाज देत असतात. प्रत्येक कळपाची स्वतःची बोली आहे आणि ती पिल्ले आईकडून शिकतात. बोटीवाल्याला वाटते की समोरच्या एका पराच्या आपण पुरेसे लांब आहोत. पण त्या वेळी तो खरे तर कळपाच्या मध्यभागी उभा असतो, आणि त्याच्या इंजिनाखालून दोन नातलगांचे बोलणे चाललेले असते.

ऑर्काला पाण्यात फार दूरचे दिसत नाही. तो ‘टिक-टिक’ असे आवाज सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून शेकडो फूट खोल अंधारात पोहणारा मासा हेरतो. इतकेच नव्हे, तर इतर जातींच्या सॅमनमधून चिनूक वेगळा ओळखतो. बोटीच्या पंख्याचा आवाज त्याच पाण्यात, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने पसरतो. वरातीच्या बँडशेजारी उभे राहून कुणी कानात सांगितलेले ऐकू पाहावे, तशी त्या प्राण्याची अवस्था होते. अंगाला काही तास चिकटून राहणारी ध्वनिमुद्रणाची यंत्रे लावून केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की बोटी सरासरी ४०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ३६५ मीटरच्या आत आल्या की माद्या शिकार सोडून देण्याकडे वळतात. पिल्लाला दूध पाजणारी, किंवा जिच्या पोटात सतरा-अठरा महिने गर्भ वाढायचा आहे अशी मादी शिकार सोडते, तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको.

बोटींचा त्रास एरवी कदाचित सोसलाही गेला असता. पण या ऑर्कांचे मूळचे संकट उपासमार हे आहे. चिनूक सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत परततो. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत या किनाऱ्यावरच्या नद्यांवर धरणे झाली, काठचे अरण्य कापले गेले, मासेमारी वाढली, आणि चिनूकची संख्या व आकार दोन्ही घटले. सेलिश समुद्रातील सॅन वान बेटाच्या पश्चिमेकडून जाणारी हॅरो सामुद्रधुनी ही कॅनडातील फ्रेझर नदीकडे परतणाऱ्या चिनूकची वाट. पूर्वी उन्हाळ्यात दक्षिणी रहिवासी ऑर्का येथे जवळपास रोज असत. आता मे-जूनमध्ये आठवडेच्या आठवडे ते फिरकतही नाहीत. ते बाहेरच्या महासागरात, कोलंबिया नदीच्या मुखापासून कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरापर्यंत मासे शोधत हिंडतात. अमेरिकन सरकारने २०२१ साली त्यांच्या संरक्षित अधिवासाची हद्द वाढवून त्यात या बाहेरच्या किनाऱ्याचा समावेश केला, तो याच कारणाने. त्यांची संख्या १९९५ साली ९८ होती आणि आता ती ७५ च्या आसपास आहे. २००८ ते २०१४ या काळातील अभ्यासात त्यांच्यातील गर्भधारणांपैकी सुमारे दोन तृतीयांश अयशस्वी ठरल्याचे आढळले. ताहलेकाह नावाच्या मादीने २०१८ च्या उन्हाळ्यात जन्मताच मेलेले पिल्लू डोक्यावर पेलत सतरा दिवस आणि सुमारे १,६०० किलोमीटर प्रवास केला, ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांतही आली होती. २०२५ च्या आरंभी तिला पुन्हा एकदा मेलेले पिल्लू वाहून नेताना पाहिले गेले, तेव्हा येथील कित्येकांना वर्तमानपत्र बाजूला ठेवावे लागले. मीही त्यांपैकीच एक.

याउलट बिग्ज ऑर्कांची स्थिती चांगली आहे. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने सागरी सस्तन प्राण्यांना संरक्षण मिळाले, सील पुन्हा वाढले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या या ऑर्कांची किनाऱ्यावरील संख्या साडेतीनशेच्या पुढे गेली. उन्हाळ्यातल्या बोटीच्या सहलीत आज जे ऑर्का दिसतात ते बहुतांशी हेच. तीन ते सहांच्या लहान टोळ्या करून ते किनाऱ्याकिनाऱ्याने शांतपणे फिरतात. सील फार चांगले ऐकतो, म्हणून शिकारीच्या वेळी ते जवळजवळ मौन पाळतात. ‘ऑर्का दिसले, म्हणजे सगळे ठीक आहे’ असे समजून परतणाऱ्या पर्यटकाला हे ठाऊक असावे, की ज्यांच्या चित्रांचे टी-शर्ट बंदरावर विकले जातात ते दक्षिणी रहिवासी त्याने बहुधा पाहिलेलेच नसतात.

टाक्यांविषयी आता. १९६० आणि १९७० च्या दशकांत मनोरंजनाच्या जलक्रीडागृहांसाठी याच पाण्यातून ऑर्का पकडले गेले. ८ ऑगस्ट १९७० रोजी व्हिडबी बेटावरील पेन कोव्ह या खाडीत, स्फोटकांचे बार आणि विमान यांच्या साहाय्याने ऑर्कांना हाकून आणण्यात आले आणि जाळ्यात अडवून लहान पिल्ले निवडून काढण्यात आली. माद्या जाळ्याबाहेर कित्येक दिवस ओरडत राहिल्या, असे प्रत्यक्षदर्शी सांगत. काही पिल्ले जाळ्यात अडकून बुडाली. या काळात दक्षिणी रहिवासी ऑर्कांची जवळजवळ एक अख्खी पिढी नाहीशी झाली, आणि आजच्या घटत्या संख्येच्या मुळाशी तेही एक कारण आहे. पेन कोव्हमधून नेलेली तोकिताए ही मादी फ्लोरिडातील एका टाकीत अर्ध्या शतकाहून अधिक काळ जगली आणि तिला घरच्या पाण्यात परत आणण्याची तयारी सुरू असतानाच ऑगस्ट २०२३ मध्ये गेली. या किनाऱ्यावरचे लमी आदिवासी तिला आपली नातलग मानत. तिची रक्षा त्यांनीच आपल्या समुद्रात सोडली. कॅनडाने २०१९ साली व्हेल-डॉल्फिनना बंदिस्त ठेवण्यावर कायद्याने बंदी आणली. भारत सरकारने त्याच्याही आधी, २०१३ साली, डॉल्फिनच्या खेळांसाठीच्या टाक्यांना परवानगी नाकारली. हा निर्णय आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही, पण मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

मग पाहायचे कुठून? सिएटलहून उत्तरेला अ‍ॅनाकोर्टेस बंदर आहे. तेथून सरकारी फेरीबोट सॅन वान बेटावरील फ्रायडे हार्बरला जाते, आणि तेथून वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर बेटाच्या पश्चिम काठाला लाइम किल्न पॉइंट नावाचे उद्यान आहे. १९१९ साली बांधलेले पांढरे दीपगृह, त्याच्याखाली काळसर कातळ आणि कातळाला लागूनच एकदम खोल होत गेलेले पाणी. या खोलीमुळेच ऑर्का येथे काठाच्या फार जवळून जातात. एका संध्याकाळी आम्ही त्या कातळावर बसलो होतो. समोर केल्प या समुद्रशेवाळाच्या लांब दोऱ्या पाण्यावर आडव्या पसरल्या होत्या, वारा पडला होता. प्रथम काही दिसले नाही. फक्त दक्षिणेकडून एक खोल ‘फुस्स’ असा आवाज आला, मग आणखी एक. बाजूच्या एका आजोबांनी हळूच बोट दाखवले. एक मादी वर आली, तिच्या कुशीला चिकटून पिल्लू आले. पिल्लाच्या अंगावर जेथे पांढरे असायचे तेथे अजून फिकट नारिंगी रंग होता. तीन-चार उथळ डुबक्या झाल्या, मग पाठी कमानीसारख्या वळल्या आणि ती दोघे खोल गेली. काही मिनिटांनी केल्पच्या पलीकडे पुन्हा श्वासाचे फवारे दिसले, मागून एक उंच पर संथपणे वर येत राहिला. काठावर पन्नासेक माणसे असतील, लहान मुलेही होती, पण सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले होते. मला त्या वेळी बोटीत असण्याची गरज जराही वाटली नाही. उलट आपण येथे असल्याने त्यांच्या वाटेत काहीच येत नाही, याचे फार समाधान वाटले.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की तेथे जाऊन कितीतरी लोक काहीही न पाहता परततात. त्यासाठी पुरेसा वेळ घेऊन जावे. बेटावर एक रात्र राहता आले तर उत्तम. फेरीबोटीच्या वरच्या मजल्यावरूनही ऑर्का अनेकदा दिसतात, तेव्हा खाली मोटारीत बसून राहू नये. ज्यांचा मुक्काम ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत आहे, त्यांना तर बेटांवर जाण्याचीही गरज नाही: त्या महिन्यांत चम जातीच्या सॅमनमागे दक्षिणी रहिवासी ऑर्का प्यूजेट साउंडमध्ये शिरतात आणि पश्चिम सिएटलच्या अ‍ॅल्की पॉइंटवरून किंवा व्हॅशन बेटाकडील पॉइंट रॉबिन्सनवरून त्यांना पाहता येते. व्हिडबी बेटावरच्या लँगली गावात समुद्रात व्हेल दिसला की वाजवण्यासाठी एक घंटाच बसवलेली आहे. सोबत दुर्बीण आणि उबदार कपडे असावेत, कारण जुलैतही तेथे संध्याकाळी बोचरा वारा असतो. लाइम किल्नजवळ पाण्याखाली ध्वनिग्राहक बसवलेले आहेत आणि ते आवाज भारतात घरी बसूनही इंटरनेटवर ऐकता येतात. ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांनी ते जरूर ऐकावेत.

बोटीची सहल घेणाऱ्या प्रत्येकाला मी दोष देत नाही. ज्यांना कातळावर चढउतार करणे झेपत नाही, ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांच्यासाठी जाणकार वाटाड्या असलेली मोठी बोट हाच मार्ग असतो. येथील चांगले बोटचालक नियम कसोशीने पाळतात आणि ऑर्का दिसले की इतर बोटी व जहाजांना सावधही करतात. खरा उपद्रव होतो तो भाड्याने घेतलेल्या लहान बोटींचा आणि ‘आणखी जरा पुढे घ्या’ म्हणणाऱ्या प्रवाशांचा. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार २०११ पासून येथील पाण्यात कोणत्याही ऑर्कापासून २०० यार्ड दूर राहावे लागते. आणि वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार जानेवारी २०२५ पासून दक्षिणी रहिवासी ऑर्कांपासून बोटींनी १,००० यार्ड, म्हणजे ९०० मीटरहून अधिक अंतर राखणे बंधनकारक आहे. कॅनडाच्या बाजूलाही असेच कडक नियम आहेत. व्हँकूवर बेटाच्या ईशान्येला रॉबसन बाइट नावाचे राखीव क्षेत्र आहे, जेथे उत्तरी रहिवासी ऑर्का, म्हणजे दक्षिणी रहिवाशांचे उत्तरेकडील मासे खाणारे भाईबंद, उथळ पाण्यातल्या गुळगुळीत खड्यांवर अंग घासायला येतात. १९८२ पासून ते राखीव असून तेथे बोटींना मज्जाव आहे. तेव्हा सहल ठरवताना चालकाला स्पष्ट विचारावे: दक्षिणी रहिवासी दिसले तर तुम्ही काय करता? ‘आम्ही त्यांना सोडून पुढे जातो’ असे उत्तर मिळाले तर ती बोट निवडावी.

ऑर्काची भीती वाटते म्हणून किनारा बरा, असेही कुणी समजू नये. मोकळ्या समुद्रात ऑर्काने माणसाला ठार केल्याची एकही नोंद नाही. माणसांचे मृत्यू झाले ते टाक्यांमध्ये बंदिस्त ठेवलेल्या ऑर्कांमुळे.

हे सारे लिहीत असताना हर्णै, तारकर्ली आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या डॉल्फिन-सफरी डोळ्यांसमोर येत होत्या. तेथे ऑर्का नाहीत, तेथले डॉल्फिन वेगळे. पण आवाजावर जगणारा प्राणी, पिल्लाला घेऊन फिरणारी मादी आणि तिच्यामागे चार बाजूंनी धावणाऱ्या होड्या हे चित्र फारसे निराळे नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या सर्व प्राण्यांना पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. होडी किती अंतरावर थांबवावी आणि इंजिन केव्हा बंद करावे, याची साधी पाटी प्रत्येक जेट्टीवर मराठीत लावता येईल, आणि ती लावण्यासाठी होडीवाल्यांच्या संघटनांशी बोलणे हे बंदर आणि पर्यटन खात्यांचे काम आहे. होडीवाल्यांचे पोट या धंद्यावर आहे याची मला जाणीव आहे. म्हणूनच त्यांना वगळून नव्हे, तर त्यांना बरोबर घेऊन हे व्हावे.

आपल्याला माझी विनंती अशी आहे. यापुढे पुरवणीत अशा सहलींवर लेख येईल, तेव्हा त्यासोबत एक छोटी चौकट द्यावी: तेथे कोणते प्राणी कोणत्या महिन्यांत दिसतात, किनाऱ्यावरून कोठून पाहता येतात, आणि बोटीने गेल्यास कायद्याने किती अंतर राखायचे आहे. लाइम किल्नच्या उद्यानाला कसे जावे, फेरीबोटीचे आरक्षण किती आधी करावे, ही माहिती तयार करून पाठवण्याची माझी तयारी आहे. ‘हमखास’ हा शब्द मात्र कृपया त्या चौकटीत नसावा.

आपली विश्वासू,
एक वाचक
सिएटल परिसर, वॉशिंग्टन राज्य